मास्तरांच्या जागी

३ सप्टेंबर

वही जुनीच आहे. सुरुवातीची पानं फाडून टाकली. त्यात जहाजावरची रडगाणी होती आणि अक्षर इतकं हललेलं की मलाच वाचता येईना. आजपासून नीट लिहायचं ठरवलंय. किती दिवस टिकतं बघू.

आज बदलीवर रुजू झालो. नदीकाठचं जुनं हॉटेल आहे, पण दारांच्या पितळी मुठी अजून रोज घासतात. खालच्या मोठ्या दालनात रोज संध्याकाळी पाच ते आठ तिघं जण जॅझ वाजवतात. पियानो, डबल बेस, ड्रम्स. ड्रम्सवाले मास्तर दोन महिन्यांपूर्वी अंगावरून वारं जाऊन पडले. बोलणं परत आलं, उजवा हात आला नाही. दुपारी ते मागच्या गल्लीतल्या संगीतशाळेत शिकवायचे, तेही आता माझ्याकडे. म्हणजे एका माणसाच्या दोन खुर्च्या आणि माझं बूड एकच.

पियानोवर मास्तरांची बायको. त्यांना सगळे बाई म्हणतात. बेसवर एक उंच, पुढे वाकलेले गृहस्थ. मला मामा म्हण नाहीतर काहीच म्हणू नकोस, असं त्यांनी पहिल्या मिनिटालाच सांगून टाकलं.

बदलीवाल्याचा एक नियम असतो. दुसऱ्याच्या ड्रम्सवर काहीही हलवायचं नाही. झांजेचा कोन नाही, स्टूलची उंची नाही. मूळ माणूस परत येऊन बसला की त्याला वाटलं पाहिजे, आपण पाणी प्यायला उठलो होतो. मास्तर सहा फुटांच्या वर असणार. माझे पाय पेडलपर्यंत पोचतात, पण टाचा अधांतरी. तीन तासांनी पोटऱ्या दगड झाल्या.

बाईंनी एकदाही वळून पाहिलं नाही. पियानोच असा ठेवलाय की माझ्याकडे त्यांची पाठ येते.

७ सप्टेंबर

खोली मिळाली. खाली लाँड्री आहे, त्यामुळे दुपारपर्यंत जमीन कोमट असते. अनवाणी चालायला मजा येते. खिडकीसमोर एक भिंत आणि भिंतीवर एक पाइप. पाइपावर एक कबुतर येतं. त्याचा एक पाय जरा आखूड आहे, चालतं तेव्हा टक-टक्-क, टक-टक्-क. त्याच्यामागे अर्धा तास गेला आणि सराव राहिला.

मामांनी मास्तरांची जुनी ध्वनिमुद्रणं दिली. रोज ऐकतोय. मास्तर संथ गाण्यात ठोक्याच्या केसभर मागे बसतात. घाई नाही, आळसही नाही, दार उघडायला जाणारा माणूस जसा चष्मा घालून मग उठतो तसं. शेवटच्या आठ मात्रांच्या आधी झांज सोडून देतात आणि ड्रमवर नुसता तारांचा ब्रश फिरवतात, टेबलावरचा चुरा झाडल्यासारखा. डाव्या पायाच्या जोडझांजेला मात्र जरासा उशीर असतो. मामा म्हणाले की वाजवताना ते डोळे मिटून घेतात. मी तेही घेतलं.

या एका कामात मी तरबेज आहे. दहावीत शाळा सोडली, लग्नाच्या बँडात गेलो, मग दोन वर्षं सर्कस, एक वर्ष नाचाचा क्लास, अकरा महिने जहाज. जिथे गेलो तिथे कुणीतरी आजारी होता, कुणी पळून गेला होता, कुणाचं लग्न ठरलं होतं. त्याच्यासारखं वाजवायचं आणि तो आला की पिशवी उचलायची. मागे कुणी माझं नाव काढत नाही. काढलं तर मी काम नीट केलं नाही असा अर्थ होईल.

१५ सप्टेंबर

शाळेत मास्तरांचं एक रजिस्टर आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे शेरा. एकीपुढे ‘हात चांगला, ऐकत नाही’. एकापुढे नुसतं ‘हसवावं’. एक दाताचे डॉक्टर येतात, त्यांच्यापुढे ‘काठी म्हणजे पकड नव्हे’. आणि खरंच, गृहस्थ काठी अशी धरतात की ड्रमची दाढ उपटायची आहे.

मी मास्तरांच्याच वाक्यांत शिकवतो. मामांकडून गोळा केली आहेत. ‘हात सैल, कान ताठ.’ ‘घाई कुणाला आहे, बस सुटतेय का तुझी?’ डॉक्टर आज हसले. म्हणाले, हे सगळं आम्ही सहा वर्षं ऐकतोय, तुमचं काय ते कधी शिकवणार. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. मग त्यांनी माझी मागची एक दाढ फुकट बघितली. कीड आहे म्हणे.

२२ सप्टेंबर

बाई रोज वाजवायच्या आधी पियानोवर मोबाइल ठेवतात, रेकॉर्डिंग चालू करून. मला आज लक्षात आलं. माझ्या चुका गोळा करून मॅनेजरला ऐकवायच्या असणार. दुसरं काय?

आज मधेच थांबून, पाठ न वळवता त्या म्हणाल्या, “ते इथे श्वास घेतात.” एवढंच. पुढच्या वेळी मी तिथे श्वास घेतला. त्यांचा हात पट्ट्यांवर जरा रेंगाळला आणि मग वाजवायला लागला.

दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेलं हे एकच वाक्य. लाँड्रीवाल्या काकू ‘बाजूला व्हा’ म्हणाल्या, ते धरलं तर दोन.

४ ऑक्टोबर

आज तीन तासांत एकही गोष्ट इकडची तिकडे झाली नाही. मला स्वतःलाच मी कुठे ऐकू आलो नाही. यापेक्षा चांगली बदली मी कधी वाजवलेली नाही.

संथ गाणं संपलं तशा बाई चष्मा काढून उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराने आत गेल्या. पाच मिनिटं मामांनी एकट्याने बेसवर वेळ काढला. काचेवर वाफ धरली असेल, ते दार उघडलं की सगळी वाफ पियानोवरच येते.

नंतर मामांना मोबाइलचं विचारलं. त्यांनी आधी बेस भिंतीला टेकवला. मग म्हणाले, अरे, ती घरी जाऊन त्याला ऐकवते. रोज. तो पडल्या पडल्या ऐकतो.

म्हणजे चुकांची यादी नव्हती. मास्तर मला ऐकतायत, महिनाभर. आज झोप लागणार नाही बहुतेक.

११ ऑक्टोबर

मास्तरांकडे गेलो होतो. बाईंनीच बोलावलं. तिसरा मजला, जिन्यात सायकल, दारात दोन जोडी बूट. त्यातला मोठा जोड पॉलिश केलेला होता, वापरलेला दिसत नव्हता.

मास्तर खिडकीजवळ खाटेवर. पांघरुणावर उजवा हात असा ठेवलेला, जणू कुणी विसरून गेलंय. मी विचारलं, कसं वाटतं माझं. म्हणाले, “उत्तम.” संथ गाणं? “उत्तम.” मग थोडं हसून म्हणाले, “जोडझांज मला उशिरा पडते, कारण हा गुडघा मोडला होता. तू गुडघासुद्धा घेतलास.” एवढी बारीक दाद मला आजवर कुणी दिली नव्हती.

त्यांच्याकडे एक काचेची टाकी आहे, तीन मासे. त्यातला काळा सारखा काचेला तोंड लावून उभा असतो. मी विचारलं हा असं का करतो, तर मास्तर म्हणाले, काचेत त्याला दुसरा मासा दिसतो. बराच वेळ आम्ही त्यालाच बघत बसलो. खिडकीत हाताच्या व्यायामाचा रबरी चेंडू होता, त्यावर धूळ. बाई म्हणाल्या, हल्ली हात लावत नाहीत त्याला. मास्तर म्हणाले, “कशाला लावू, मी तर रोज वाजवतोय.” बाई आत गेल्या. मी हसलो, कारण विनोद छान होता.

निघताना जिन्यापर्यंत बाई आल्या. “तुम्ही थांबाल ना?” म्हणाल्या. मी हो म्हटलं. आणि आजच मॅनेजरही म्हणाला की हे बघा, मास्तरांचं काही खरं दिसत नाही, एक डिसेंबरपासून तुमचा कायमचा करार करू.

मला ही जागा हवी आहे. लिहून ठेवतो, तोंडाने म्हणायला लाज वाटते. एका भल्या माणसाचा हात बरा होऊ नये असं त्यात आपोआप येतं. पण मला ती हवी आहे. येताना दुकानातून एक खुर्ची घेऊन आलो. पिशवीत न मावणारी माझी पहिली वस्तू.

१९ ऑक्टोबर

ताईचा फोन. वाढदिवस माझा काल झाला, तिला आज आठवला. कसा आहेस? बरा आहे. काय करतोस? वाजवतो. अजून तेच? हो, अजून तेच. मुलाच्या शाळेची बस आली म्हणून तिने ठेवला.

खुर्चीवर बसून पाहिलं. चांगली आहे. समोर दुसरी असती तर पाय ठेवता आले असते.

२४ ऑक्टोबर

डॉक्टर आज हट्टालाच पेटले. म्हणाले, आज मी शिकणार नाही, तुम्ही वाजवा, तुमचं. मी बसलो. आधी मास्तर आले. ते थांबवले तर जहाजावरचा म्हातारा आला, मग लग्नाच्या बँडातला पुढचा. दहा मिनिटं मी एकेकाला हाकलत होतो. शेवटी ड्रमच्या नुसत्या कडेवर काठी टकटकवत बसलो, सर्कशीत तारेवर चालणाऱ्या बाईसाठी वाजवायचो तशी. तिथे नक्कल करायला कुणी नव्हतं, तिच्या पावलांकडे बघायचं आणि पाऊल पडायच्या आत तिथे जाऊन उभं राहायचं.

डॉक्टर म्हणाले, हे काय होतं. मी म्हटलं, काही नाही, काम होतं.

२५ ऑक्टोबर

घोटाळा झाला. लिहितो.

सव्वासातला संथ गाणं चालू होतं. डोळे मिटायच्या आधी समोर लक्ष गेलं. एक म्हातारे पाहुणे, एकटेच, टेबलापासून उठले. ओव्हरकोट हातावर होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी पुढे धरला, कुणी बायको असावी तसा, आणि खांबापाशी सावकाश नाचायला लागले. कोटाची बाही त्यांच्या खांद्यावर. कुणी हसलं नाही.

मी त्यांचे पाय बघत बसलो. डावा पाय ओढायचे आणि वळताना थांबायचे, बहुतेक पुढचं आठवत नसावं. ते थांबले की मी थांबलो. ते निघायच्या आत निघालो. ब्रश टाकून कधी काठी घेतली, कडेवर कधी आलो, कळलं नाही. शेवटच्या आठ मात्रा आल्या आणि गेल्या. मी झांज सोडली नाही, उलट हलकीच धरून ठेवली, कारण त्यांचं वळण पुरं व्हायचं होतं.

पियानो बंद पडला होता. बाईंचे दोन्ही हात मांडीवर. मामा एकटे माझ्याबरोबर चालत राहिले. मग बाईंनी कुठून तरी मधूनच धरलं आणि गाणं संपवलं.

मोबाइल चालू होता. आठ वर्षांत पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या जागेवर बसून दुसरंच वाजवलं, आणि ते सगळं नोंदलं गेलं.

२७ ऑक्टोबर

मामांकडून कळलं. मास्तरांनी ते गाणं ऐकलं आणि डाव्या हाताने कप भिंतीवर मारला. मग पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा लाव. अकरा वेळा लावलं. बाई आज आल्या तेव्हा डोळे सुजलेले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “उद्या सकाळी घरी ये. बोलावलंय.”

आत्तापर्यंत मी ‘तुम्ही’ होतो, आज ‘ये’. काम बिघडलं की मानही जातो.

२८ ऑक्टोबर

मास्तर उठून बसले होते. दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं. मी आत पाय टाकायच्या आत सुरू झाले.

“काय बघत होतास?”

मी सांगितलं. म्हातारे, कोट, पाय.

“आणि झांज का नाही सोडलीस?”

“वळण राहिलं होतं त्यांचं.”

“वळण! इथे बाईने स्वर खाली आणलाय, मामा खाली गेलाय, आणि तू वर लोंबकळतोयस वळणासाठी. असं नसतं करायचं. तिथे जागा देऊन मग धरायची. हे बघ.” आणि पांघरुणावर दाखवायला लागले. डावा हात गोल फिरत होता. उजव्याची दोन बोटं उठत होती आणि चुकीच्या जागी पडत होती. त्यामुळे ते आणखी चिडत होते. “नाही, असं नाही. थांब. पुन्हा.”

आठ मात्रांसाठी मी एक तास बोलणी खाल्ली. बाई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. खांदे हलत होते. हसा, म्हटलं, माझी फजिती बघून सगळेच हसतात.

निघताना मास्तर म्हणाले, परवा पुन्हा ये, अजून संपलेलं नाही. ‘उत्तम’ हा शब्द एकदाही नाही.

१४ नोव्हेंबर

दिवसाआड जातो. दिवसाआड बोलणी. आता मास्तर मला त्यांच्यासारखं वाजवूच देत नाहीत. केसभर मागे बसलो की रेकॉर्डिंग ऐकून म्हणतात, “हा मी आहे, मला मी माहीत आहे, पुढे चल.” पुढे गेलो की त्यातल्या चुका काढतात. दोन्हीकडून मार. चेंडू सारखा त्यांच्या हातात असतो, बोलताना दाबत राहतात, बहुतेक माझ्यावरचा राग.

आज आम्हा दोघांना बाईंनी सूप दिलं. मास्तरांनी चमचा उजव्या हाताने धरला. अर्धं सांडलं, आणि मला म्हणाले, तुझ्या टेंपोपेक्षा बरं आहे. तिघंही हसलो. खोलीवर आलो तर ती आज फारच गप्प वाटली.

२८ नोव्हेंबर

मॅनेजरने बोलावलं. हे बघा, म्हणाला, मास्तर एक तारखेपासून येतायत, निदान रोज एक तास तरी, त्यांनी स्वतः फोन केला. करार आता नको. तुम्ही समजून घ्याल.

समजलं. पंचवीस ऑक्टोबरचं ते गाणं. महिनाभर रोज ऐकून शेवटी त्यांनी ठरवलं असणार की या पोराच्या हातात जागा राहू द्यायची नाही, अर्ध्या हाताने का होईना आपणच बसायचं. बरोबरच आहे. मीही तेच केलं असतं.

मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, तुझ्यासारखा गाढव सर्कशीतही सापडला नसेल. मीही तेच म्हणत होतो.

३० नोव्हेंबर

बाई शाळेत आल्या. म्हणाल्या, “ह्यांना दोन्ही झेपणार नाही. शाळा तू ठेव. आणि आमची मागची खोली रिकामीच आहे.” बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या, मास्तरांच्या रजिस्टरची पानं उलटत होत्या.

जागा काढून घेतली म्हणून वाईट वाटून देतायत, हे मला कळत होतं. दया कुणाची घेऊ नये. म्हटलं, नको बाई, मला दुसरीकडून बोलावणं आलंय. खोटं नाही, एका नाटक कंपनीचा ड्रमर पळून गेलाय. बाई म्हणाल्या, “बरं.” मग बराच वेळ दारात उभ्या होत्या. छत्री विसरल्या असतील म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, पण छत्री नव्हतीच.

बाई यायच्या आधी डॉक्टरांचा शेवटचा तास झाला. त्यांनी काठी सैल धरली होती. मी रजिस्टरमध्ये मास्तरांच्या शेऱ्याखाली लिहिलं, ‘पकड सुटली’.

१ डिसेंबर

नोकर म्हणून पाच वाजता त्या दालनात शिरायची सवय. आज खुर्चीवर पाहुण्यासारखा बसलो. हॉटेलच्या कोटाशिवाय वेटरने मला ओळखलं नाही, विचारलं काय आणू.

मास्तर आले. मामांनी धरून स्टूलवर बसवलं. डाव्या हातात ब्रश, उजव्या हातात काठी, मनगटाला पट्ट्याने बांधलेली. पहिली दोन गाणी फार वाईट गेली. लोक गप्पा मारत होते. मला तिथे जाऊन त्यांच्या हाताखाली हात धरावासा वाटला.

मग संथ गाणं. मास्तर डोळे मिटतील म्हणून मी वाट बघत होतो. मिटले नाहीत. समोरून एक वेट्रेस ट्रे घेऊन चालली होती. ते तिच्याकडे बघत होते. शेवटच्या आठ मात्रा आल्या आणि त्यांनी झांज सोडली नाही. सोडायचीच राहिली. हात अजून तयार नाही त्यांचा, घाई केली. पण बाईंनी मान वळवली आणि गाणं संपेपर्यंत ड्रम्सकडेच बघत वाजवत राहिल्या. मी होतो तेव्हा एकदाही नाही.

पैसे ठेवून उठलो. बस सहा चाळीसची.

१ डिसेंबर, नंतर

बस एका फाट्यावर चहासाठी थांबलीय. दहा मिनिटं म्हणाले, वीस होतील. माझ्याशेजारची सीट मोकळीच आहे, तिच्यावर पिशवी बसलीय.

मास्तरांच्या घरून दोनदा फोन येऊन गेला. घेतला नाही. शाळेची चावी माझ्याकडे राहिली असणार, उद्या पोस्टाने पाठवतो, त्यात काय एवढं.

खिसे पाहिले. पिशवी पाहिली. चावी नाही. आता आठवलं, काल मीच ती रजिस्टरवर ठेवून बाईंच्या हातात दिली होती, आणि त्यांनी मूठ मिटून घेतली होती.

मग फोन कशाला करतायत? माझ्याकडे त्यांचं काहीच राहिलेलं नाही.

तिसऱ्यांदा वाजतोय. ड्रायव्हर चहा संपवून येतोय. उचलतो.